कुणकुण सहा महिन्यांपासून होती, मग बातमी का आली नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्यातली मल्टिस्टेट (म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणारी) पतसंस्था बंद पडली आणि वडिलांच्या निवृत्तीचे १२ लाख त्यात अडकले. नंतर एका स्थानिक पत्रकारानेच बोलता बोलता सांगितलं, की आम्हाला सहा महिन्यांपासून कुणकुण होती. त्याच सहा महिन्यांत त्याच्याच पेपरात त्या संस्थेच्या वर्धापनदिनाची पानभर जाहिरात आली होती. ‘म्हणजे सगळे विकले गेलेत ना? मग पेपर वाचायचाच कशाला?’ असं तुम्ही विचारलं आहे.

वडिलांवर आलेली वेळ वाचून फार वाईट वाटलं. आयुष्यभराच्या नोकरीनंतर हातात आलेली रक्कम कुणी डोळे झाकून ठेवत नाही. ओळखीचे संचालक, गावातली शाखा, रोज दारावर येणारा पिग्मी एजंट आणि पेपरातली जाहिरात, हे सगळं बघून माणूस विश्वास टाकतो. त्या विश्वासात आम्हा पेपरवाल्यांचाही वाटा आहे, म्हणून तुमचा राग मला रास्त वाटतो. मी २६ वर्षं मराठी दैनिकात काढली. सुरुवातीला तालुक्याचा वार्ताहर होतो, मग जिल्हा कार्यालयात उपसंपादक झालो आणि शेवटची नऊ वर्षं जिल्हा आवृत्तीचा प्रमुख होतो. त्या काळात आमच्या जिल्ह्यात तीन पतसंस्था बुडाल्या. त्यातल्या एकीची कुणकुण ती बंद पडण्याच्या चार महिने आधी माझ्या टेबलावर आली होती. तेव्हा मी काय केलं ते पुढे सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पैसे घेऊन बातमी दाबली का, हा पहिला. ज्याला माहीत होतं त्याने ती का दिली नाही, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तुमच्या तालुक्याच्या बाबतीत मी देऊ शकत नाही. त्या पत्रकाराला मी ओळखत नाही. पाकीट घेणारे पत्रकार असतात, मी पाहिले आहेत. पण एकही पाकीट न घेता बातमी गिळली जाते असे प्रसंग मी त्याहून कितीतरी जास्त पाहिले. पाकीट घेणारा निदान पकडता येतो. दुसऱ्या प्रकारात पकडायला कुणी सापडतच नाही, म्हणून मला तो प्रकार जास्त घातक वाटतो.

तालुक्याचा वार्ताहर पगारी नोकर असतो असा बहुतेक वाचकांचा समज असतो. मुख्य कार्यालयात तसं असेल. मी वार्ताहर होतो तेव्हा मिळणाऱ्या मानधनात महिन्याचं पेट्रोलही भागत नव्हतं. हातात नेमणुकीचं पत्र नव्हतं, खिशात फक्त ओळखपत्र होतं. घर चालायचं ते जाहिरातींच्या कमिशनवर. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी, पेपरचा वर्धापनदिन, नेत्यांचे वाढदिवस, प्रत्येक वेळी जिल्हा कार्यालयातून तालुक्याला टार्गेट यायचं. तालुक्यात जाहिरात देण्याची ऐपत असलेले असतात किती? साखर कारखाना, बाजार समिती, दोन-तीन शिक्षणसंस्था, एखादा बिल्डर, सराफ, पुढारी आणि पतसंस्था. मोजून पंधरा-वीस. तालुक्यातल्या बहुतेक मोठ्या बातम्याही याच पंधरा-वीस जणांभोवती फिरतात. सकाळी ज्याच्याकडे जाहिरात मागायला जायचं, संध्याकाळी त्याच्याच संस्थेबद्दल बातमी पाठवायची, अशी ती नोकरी. वर जाहिरात छापून आली तरी बिलाची वसुली वार्ताहरानेच करायची. बिल थकलं की कमिशन अडकायचं. म्हणजे ज्या अध्यक्षाबद्दल कुणकुण लागली आहे त्याच्याकडेच वार्ताहराचे पाच-दहा हजार येणं बाकी आहे, अशी परिस्थिती नेहमीची.

कायदा पत्रकारांसाठी होता. श्रमिक पत्रकारांचा कायदा १९५५ चा, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित झाल्या आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायम केल्या. पण तालुक्यातल्या एकाही वार्ताहराच्या हातात ते वेतन पडलेलं मी माझ्या जिल्ह्यात पाहिलं नाही. दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिन येतो, पंचायत समितीत किंवा पतसंस्थेच्याच सभागृहात वार्ताहरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. त्या शालीचं मला नेहमी ओझं वाटायचं.

या व्यवस्थेत कुणी फोन करून ‘बातमी दाबा’ म्हणायची गरज उरत नाही. वार्ताहर मनातल्या मनात हिशेब करतो आणि बातमी लिहीतच नाही. जिल्हा कार्यालयात बसलेल्या माझ्यासारख्याला ती आली होती हेही कळत नाही.

आता वरच्या मजल्याकडे बघा. अंक पाच-सहा रुपयांना मिळतो. त्यातून विक्रेत्याचं आणि एजंटाचं कमिशन जातं. उरलेल्या पैशात कागद, छपाई आणि पहाटेच्या पार्सल गाडीचा खर्च निघत नाही, तो जाहिरातीतून भरून काढावा लागतो. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात वृत्तपत्र कागदावर १० टक्के सीमाशुल्क लागलं. फेब्रुवारी २०२० मध्ये ते ५ टक्क्यांवर आलं, आणि पुढच्याच महिन्यात टाळेबंदी झाली. त्या एप्रिलमध्ये राज्यात काही काळ घरोघरी अंक टाकायलाही मनाई होती. आमच्या आवृत्तीची पानं निम्म्यावर आली. तालुक्यांची स्वतंत्र पानं गेली, डेस्कवरची अनुभवी माणसं गेली, आणि साथ ओसरल्यावर त्या जागा पुन्हा भरल्या गेल्या नाहीत. अशा दिवसांत न चुकता वेळेवर पैसे देणारे जाहिरातदार कोण होते? त्यात पतसंस्था पुढे होत्या. ठेवी गोळा करायच्या तर जाहिरात हवीच, आणि ज्या संस्थेला रोकड कमी पडू लागली आहे तिला नव्या ठेवींची, म्हणून जाहिरातीची, जास्त घाई असते. संस्था आतून पोखरली जात असताना तिच्या जाहिराती वाढतात, हे मी तिन्ही वेळा पाहिलं. तुमच्या वडिलांनी पाहिलेली ती पानभर जाहिरात त्याच सहा महिन्यांत आली, यात मला योगायोग दिसत नाही.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे जाहिरातीपायीच गप्प बसले. काही अंशी हो. पण माझ्या अनुभवात खरी कोंडी पुढेच होती.

पतसंस्थेतल्या ठेवी तिजोरीत पडून नसतात, त्या कर्जाने दिलेल्या असतात. उद्या सगळे ठेवीदार एकदम आले तर उत्तम चाललेली संस्थाही आठवड्यात बंद पडेल. बँकेचं थोडं वेगळं असतं. तिच्यावर रिझर्व्ह बँक आहे, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा लागू नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा राहिली. तिथे रिझर्व्ह बँकेचा आदेश हाच बातमीचा कागद होता, नाव छापायला कुणी कचरलं नाही. आदेश येईपर्यंत मात्र हजारो बनावट खात्यांआड एका बांधकाम समूहाची कर्जं झाकलेली होती आणि बाहेर कुणाला पत्ता नव्हता. पतसंस्थेच्या बाबतीत असा एका रात्रीत येणारा आदेश नसतो. राज्यातल्या नोंदणीची संस्था असेल तर सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक असतात, लेखापरीक्षण असतं, राज्याच्या सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी लागू शकते. मल्टिस्टेट असेल तर निबंधक दिल्लीत. उपनिबंधकांच्या कार्यालयात गेलं की एकच उत्तर मिळतं, ‘ती आमच्या अखत्यारीत नाही.’ जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी संस्थेपासून बीडच्या ज्ञानराधापर्यंत ज्या बुडाल्याने गाजल्या, त्यातल्या बऱ्याच मल्टिस्टेट होत्या.

म्हणजे वार्ताहराच्या हातात असते कुणकुण. ती चुकीची निघाली आणि छापली तर चांगली संस्था मरते, तिच्याबरोबर तुमच्या वडिलांसारखे हजार जण. ती खरी निघाली आणि छापली नाही तरी तेच हजार जण. मध्ये उभा राहून निर्णय घ्यायचा असतो, तोही रात्री साडेनऊला, पान सुटायच्या आधी.

आता माझी गोष्ट. एका तालुक्याच्या वार्ताहराचा फोन आला. “सर, मुदत संपलेल्या ठेवी देत नाहीयेत. पुढच्या सोमवारी या म्हणतात. चार सोमवार झाले.” मी विचारलं, किती जण, नावं काय, पावत्या बघितल्यास का? त्याच्याकडे सात माणसं होती. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला तेव्हा नाव द्यायला तिघे तयार होते. फोटोचं नाव काढल्यावर उरला एक. बाकीच्यांनी हात जोडून सांगितलं, आमचे पैसे निघेपर्यंत छापू नका, नाव आलं तर आमचेच अडकवतील. हे लक्षात घ्या, गप्प राहा असं आम्हाला सगळ्यात कळवळून सांगणारे स्वतः ठेवीदार होते. एका निवृत्त शिक्षकाने तर रात्री माझ्या घरी फोन केला. त्यांच्या मुलीचं लग्न दीड महिन्यावर होतं.

अध्यक्ष भेटले. दुष्काळामुळे वसुली मंदावली आहे, मार्चनंतर सगळं सुरळीत होईल, तोवर अफवा पसरवून संस्था बुडवू नका, असं म्हणाले. उपनिबंधक कार्यालयाने लेखापरीक्षण चालू आहे एवढंच सांगितलं. आमचे जाहिरात व्यवस्थापक येऊन बसले. छापू नका असं ते म्हणाले नाहीत. “नक्की आहे ना? कारण त्यांचं वर्षाचं पॅकेज आहे,” एवढंच म्हणाले. मुख्य कार्यालयातल्या कायदा सल्लागारांनी सांगितलं, नाव घालायचं असेल तर लेखापरीक्षण अहवाल किंवा चौकशीचा आदेश हातात हवा. यातला कुणीही खोटं बोलत नव्हता, कदाचित अध्यक्ष सोडून. प्रत्येकाचं म्हणणं सुटं सुटं बघितलं तर वाजवी होतं. सगळी मिळून अकरा दिवस गेले.

अकराव्या दिवशी मी बातमी घेतली. आतल्या पानावर दोन कॉलम. मथळ्यात शब्द होते, ‘एका नामांकित पतसंस्थेत ठेवीदारांच्या चकरा’. नाव नव्हतं.

‘नामांकित’ हा आमच्या मराठी पत्रकारितेतला शब्द तुम्ही शंभरदा वाचला असेल. नामांकित शाळा, नामांकित रुग्णालय, बडा बांधकाम व्यावसायिक. ज्याचं नाव घ्यायला आम्ही घाबरतो त्याला आम्ही नामांकित म्हणतो. त्या दिवशी मला वाटलं, मधला मार्ग सापडला. बातमी दिली, नोटीसही टळली.

सकाळी दहा वाजता शहरातल्या दुसऱ्याच पतसंस्थेसमोर रांग लागली. ती धडधाकट संस्था होती. दोन दिवस संचालक पायऱ्यांवर उभे राहून लोकांच्या हातात पैसे देत होते, शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेकडून रोकड मागवावी लागली. तगली ती, पण थोडक्यात. आणि जिच्याबद्दल बातमी होती तिथे काय झालं? ‘नामांकित’ म्हणजे कोण हे ज्यांना फोन करून विचारता येत होतं, ते व्यापारी, पुढारी, संचालकांचे पाहुणे, त्यांनी त्या आठवड्यात आपापल्या ठेवी काढून घेतल्या. निवृत्त शिक्षक, शिवणकाम करणाऱ्या बाया, ऊसतोडीची उचल जपून ठेवणारी माणसं, यांना तसं विचारायला कुणी नव्हतं. चार महिन्यांनी संस्थेला कुलूप लागलं तेव्हा आत अडकलेले हेच होते. माझ्या बातमीत एक अक्षर खोटं नव्हतं. ज्यांच्यासाठी ती लिहायची होती त्यांच्या मात्र ती काहीच कामाला आली नाही, उलट ज्यांना आधीच सगळं कळतं त्यांना तिने चार महिन्यांची सवड दिली. ते शिक्षक नंतर मला बाजारात भेटले. काही बोलले नाहीत. मीही काही बोलू शकलो नाही.

त्यानंतर मी डेस्कवर नियम केला, पतसंस्थेची बातमी नावासह, नाहीतर नाही. आणि नावासह देता यावी म्हणून काम करण्याची पद्धत बदलली. वार्ताहरांना सांगितलं, ठेवीदार आले की त्यांना आधी लेखी तक्रार करायला सांगा. उपनिबंधकांकडे, मल्टिस्टेट असेल तर केंद्रीय निबंधकांकडे आणि पोलीस ठाण्यात. तक्रारीची शिक्का मारलेली पोच घ्या. ‘अमुक संस्था डबघाईला आली’ हे सिद्ध करणं आमच्या आवाक्यात नसतं. ‘अमुक संस्थेतील पाच ठेवीदारांनी मुदत संपूनही रक्कम मिळत नसल्याची लेखी तक्रार केली’ हे मात्र घडलेलं आहे, कागदावर आहे, तारखेसह आहे. त्यासोबत अध्यक्षांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, कापाकापी न करता. तिसऱ्या पतसंस्थेच्या वेळी आम्ही तसंच केलं. नावासह, जिल्ह्याच्या पहिल्या पानावर. चौथ्या दिवशी वकिलाची नोटीस आली, जाहिराती दोन वर्षं बंद झाल्या. मालकांनी मला एवढंच विचारलं, “कागद आहे ना?” मी पोच दाखवली. त्यांनी मान डोलावली आणि विषय संपला. सगळीकडे असे मालक नसतात, आणि तेच मालक आणखी एका वाईट वर्षात तसेच वागले असते का हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. ती संस्थाही वाचली नाही, पण बातमीनंतर तिथे नवी ठेव ठेवणारं कुणी उरलं नाही. निदान तेवढं झालं.

नोटिशीचा उल्लेख केला तर तिचं वजनही सांगतो. आपल्याकडे बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम ४९९ आणि ५०० होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. बातमी खरी आहे एवढं पुरत नाही, ती लोकहितासाठी होती हेही दाखवावं लागतं. शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात संपादकाचं नाव असतं आणि त्यापुढे ‘पीआरबी कायद्यानुसार जबाबदार’ असं असायचं (पीआरबी म्हणजे वृत्तपत्र नोंदणीचा जुना कायदा, तो २०२४ मध्ये गेला), ते याचसाठी. मी एका खटल्याच्या तारखांना पाच वर्षं गेलो. शेवटी सुटलो. पण प्रत्येक तारखेला एक दिवस आणि एसटीचा दोनशे किलोमीटरचा प्रवास. पैसेवाल्या तक्रारदाराला निकाल हवा असतोच असं नाही. अशा तारखाच त्याला पुरतात, कारण पुढच्या वेळी संपादकाचा हात आपोआप आखडतो.

नोटिशीपलीकडचं भय तालुक्यात आणखी जवळ असतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरला शशिकांत वारिशे या पत्रकाराच्या दुचाकीला गाडीने चिरडलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ते रिफायनरीच्या वादावर लिहीत होते. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे. पण नेमणुकीचं पत्र नसलेला, रात्री एकटा मोटारसायकलवर गावी परतणारा वार्ताहर कायद्याच्या जोरावर धीट होत नाही. आपल्या मागे कार्यालय उभं आहे हे दिसलं तर होतो. दुर्दैवाने बातमी अंगाशी आली की ‘तो आमचा अधिकृत प्रतिनिधी नाही’ असं म्हणणारी कार्यालयंही मला माहीत आहेत.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, तुमच्या तालुक्यातल्या पत्रकाराकडे बहुधा कुणकुण होती, कागद नव्हता. नाव सांगणारे ठेवीदार नव्हते. त्याची कमाई त्याच संस्थेच्या जाहिरातीत अडकलेली होती, आणि त्याच्या पाठीशी उभं राहणारं कुणी नव्हतं. यामुळे तो दोषमुक्त होत नाही. सहा महिन्यांत एकदा तरी तो ठेवीदारांना लेखी तक्रार करा म्हणू शकत होता, त्याला छदामही लागला नसता. पण ‘सगळे विकले गेलेत’ असं म्हणून आपण हात झटकले, तर पुढच्या पतसंस्थेच्या वेळी हेच पुन्हा घडेल.

पेपर वाचायचा तरी कसा, असं विचारलंत. मी स्वतः कसा वाचतो ते सांगतो. आधी जाहिराती बघतो. एखाद्या संस्थेची मोठी जाहिरात आणि त्याच आठवड्यात तिच्या अध्यक्षांच्या कार्याचा गौरव करणारा मजकूर दिसला, की तो मजकूर बातमी म्हणून वाचत नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारांच्या स्तुतीच्या ‘बातम्या’ पैसे घेऊन छापल्याचं प्रकरण गाजलं. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उजेडात आणलं, वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची समिती नेमली. तेव्हापासून निवडणुकीच्या दिवसांत जिल्हा पातळीवर अशा मजकुरावर नजर ठेवणाऱ्या समित्या असतात. निवडणूक संपली की तसं कुणी बघत नाही, वाचकानेच बघावं लागतं.

मग शेवटच्या पानांवरच्या बारीक टाइपातल्या नोटिसा वाचतो. तिथे कुणी सजवून लिहीत नाही. ताबा नोटीस, लिलावाची नोटीस, वार्षिक सभेची नोटीस. राज्यातल्या सहकारी संस्थेने वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. ती पुढे ढकलली गेली, सभेत अहवालाच्या प्रती वाटल्या नाहीत, लेखापरीक्षणाचा वर्ग ‘अ’ वरून ‘क’ वर आला, यातलं काहीही दिसलं तर पेपरात बातमी येण्याची वाट बघू नये. आजूबाजूच्या सगळ्या संस्था आठ टक्के देत असताना एखादी बारा-तेरा टक्के देत असेल तर तेही तसंच. आणि ‘नामांकित’ शब्द दिसला, की ज्याने बातमी दिली त्याला फोन करतो आणि नाव विचारतो. तुम्हीही करा. कार्यालयाचा नंबर अंकात असतो. वाचकाचे दहा फोन आले तर डेस्कवरच्या माणसाला पुढच्या वेळी नाव छापण्यासाठी भांडायला बळ मिळतं. मला ते बळ फार क्वचित मिळालं.

तालुक्यातली युट्यूब चॅनेलं आणि पोर्टलं पेपरपेक्षा धीट वाटतात, काही खरोखर आहेत. पण त्यातली बरीचशी त्याच पंधरा-वीस जाहिरातदारांवर जगतात. मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजवर विसंबून तर कुठलीच ठेव मोडू नका.

पेपरविरुद्ध तक्रार करायची असेल तर मार्ग आहे. आधी संपादकांना लेखी कळवायचं, समाधान झालं नाही तर प्रेस कौन्सिलकडे जायचं. दैनिकाच्या बाबतीत दोन महिन्यांची मुदत असते, आणि छापलेल्याबद्दलच नव्हे तर न छापल्याबद्दलही तक्रार करता येते. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे ओढू शकते. तुमच्या बाबतीत त्यातून पैसे परत मिळणार नाहीत, त्यामुळे आत्ताची शक्ती मी तिथे खर्च करणार नाही.

आत्ता जे करायचं ते असं. वडिलांच्या सगळ्या ठेव पावत्या, पासबुक आणि संस्थेने ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणून दिलेली चिठ्ठी किंवा मेसेज असेल तर त्याच्या प्रती काढा. ते कितीदा शाखेत गेले आणि कोण काय म्हणालं, हे आठवेल तितकं तारखेने लिहून काढा, विसरायच्या आत. आणखी ठेवीदार गोळा करा, एकट्याने जाऊ नका. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार द्या आणि १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, ज्याला एमपीआयडी म्हणतात, तो लावण्याचा आग्रह धरा. संचालकांची मालमत्ता जप्त होते ती त्याच कायद्याने. गुन्हा आधीच दाखल झाला असेल तर वडिलांचं नाव आणि रक्कम ठेवीदारांच्या यादीत आली आहे का ते बघा. यादीत नसलेल्याला वाटपाच्या वेळी फार झगडावं लागतं. वेळ लागेल, वर्षंही लागतील, हे वडिलांना आत्ताच नीट सांगा.

आणि त्या पत्रकाराला पुन्हा भेटा. रागात भेटू नका. त्याला विचारा, सहा महिन्यांपूर्वी तुझ्याकडे कोण आलं होतं, केव्हा आलं होतं, अध्यक्षांनी तुला काय सांगितलं होतं. तालुक्याच्या वार्ताहराची जुनी वही किंवा डायरी बहुधा जपून ठेवलेली असते. त्यात तारखा असतील. संचालकांना पैसे देता येत नव्हते हे केव्हापासून माहीत होतं आणि तरी त्यानंतर किती दिवस ते नव्या ठेवी घेत राहिले, हे तपास अधिकाऱ्याला दाखवायचं असतं तेव्हा अशा तारखा फार उपयोगी पडतात. तो साक्ष द्यायला तयार झाला, तर तपास अधिकाऱ्याला त्याचा जबाब नोंदवून घ्यायला सांगा. तयार नसेल तर निदान आलेल्या ठेवीदारांची नावं मागा आणि त्यांना तुमच्या गटात घ्या.